बी.ए.नंतर सामाजिक शास्त्रांत एम.ए. : पुणे, मुंबई की तुळजापूर?

बालाघाटी

नमस्कार मंडळी. भाची बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय समाजशास्त्र. गाव अहमदपूर तालुक्यात, कॉलेज तालुक्याचंच, शिक्षण पहिलीपासून मराठीत. दिवाळीला भेटली तेव्हा म्हणाली, "मामा, एम.ए. करायचंय, पण इथं नाही." घरच्यांचं म्हणणं असं की एम.ए.च करायचं तर लातूरला कर, नाहीतर बी.एड. कर, अन् पुण्यालाच जायचं असलं तर एमपीएससीसाठी जा.

मागच्या वर्षी तिने प्रकल्पासाठी आमच्या तांड्या-वाड्यांवरच्या ऊसतोड कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या. कोणता कोयता (ऊस तोडणारी जोडी) कोणत्या कारखान्याला जातो, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती, ती फिटते का, मागे राहिलेल्या लेकरांना कोण सांभाळतं. सरांनी शाबासकी दिली, वही कपाटात गेली. पोरीच्या डोक्यातून मात्र विषय गेला नाही. तिला हेच पुढे शिकायचंय.

टाटा इन्स्टिट्यूट, गोखले इन्स्टिट्यूट, पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ एवढी नावं ऐकून आहे. यातलं मराठी माध्यमाच्या मुलीला झेपेल असं कोणतं? दाजींची चार एकर कोरडवाहू आहे आणि सोयाबीनचा भाव सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा खर्चाचंही सांगा. मी स्वतः आयटीआयवाला, या वाटेवर कधी गेलो नाही.

तिरपागडा

पहिला प्रतिसाद कुणीतरी "एम.ए. करून पुढे काय?" असाच देणार होतं. तो मी देऊन टाकला आहे. आता बाकीच्यांनी कामाचं बोला.

देवनारवाली

मी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून, म्हणजे टिसमधून समाजकार्यात एम.ए. केलं. त्याला बरीच वर्षं झाली, पण संपर्क आहे म्हणून लिहिते.

संस्था १९३६ सालची. सुरुवातीचं नाव सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, आताचं नाव १९४४ मध्ये आलं, अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९६४ मध्ये. सुरुवात नागपाड्याच्या वस्तीत झाली, देवनारचा परिसर नंतरचा. हा इतिहास सांगते तो अशासाठी की वस्तीत जाऊन शिकणं हे तिथे नंतर चिकटवलेलं काम नाही, पहिल्यापासूनचं आहे. समाजकार्याला असताना आठवड्याचे ठरावीक दिवस आम्ही क्षेत्रकार्याला असायचो आणि त्याच्या नोंदी पर्यवेक्षकासमोर ठेवाव्या लागायच्या. कुणी "गरीब लोक अज्ञानी असतात" छापाचं वाक्य लिहिलं की वही परत. तुमची भाची स्वतःहून उचल आणि मुकादम विचारत फिरली असेल तर ती निम्मं क्षेत्रकार्य घरीच शिकून आली आहे.

टिस म्हणजे नुसतं समाजकार्यही नाही. विकास अभ्यास, स्त्री अभ्यास, शिक्षण, आरोग्य व्यवस्था, माध्यमं, शहरांचा अभ्यास असे बरेच एम.ए. आहेत. मनुष्यबळ व्यवस्थापनाचाही आहे, त्याला कंपन्या रांग लावतात आणि बाकीचे विद्यार्थी त्यांच्याकडे जरा तिरकस बघतात. :)

शिवाय मुंबईखेरीज गुवाहाटी, हैदराबाद आणि तुमच्या अगदी शेजारी तुळजापूर. तिथला भर ग्रामीण विकास, पाणी, शेती, उपजीविका यांवर. ऊसतोडीत रस असणाऱ्या मुलीने देवनारला यायचं आणि पुन्हा अभ्यासासाठी बीड-धाराशिवला जायचं, हा उलटा प्रवास कशाला? अभ्यासक्रमांची नावं अधूनमधून बदलतात, म्हणून यंदाचं माहितीपत्रक नीट वाचा.

आता अडचणीचं. पूर्वी संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा असे. २०२४ पासून सीयूईटी-पीजी ही देशभरची सामाईक प्रवेश परीक्षा लागते, त्यानंतर मुलाखत. ही परीक्षा इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठीत नाही.

बालाघाटी

तुळजापूरला टाटाचं कॉलेज आहे हे मला माहीत नव्हतं! दरवर्षी नवरात्रात चालत जातो आम्ही.

तिरपागडा

देवीने तुम्हाला दर्शन दिलं, माहितीपत्रक दिलं नाही.

सांख्यिक

गोखले इन्स्टिट्यूटचा विषय निघाला आहे म्हणून. नाव गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था, स्थापना १९३०, भारत सेवक समाजाने केलेली, पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. नावात राज्यशास्त्र आधी असलं तरी शिकवतात मुख्यतः अर्थशास्त्र, आणि पदव्युत्तर पदवी एम.एस्सी. आहे. सांख्यिकी, अर्थमिती, कलन हे रोजचं जेवण. बारावीनंतर गणित सोडलेल्यांची पहिल्या सत्रात दमछाक होते. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था (रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये काढलेली) त्याहून कडक. समाजशास्त्राच्या बी.ए.ला या दोन्ही वाटा मी सुचवणार नाही.

तरी भाचीला एकदा गोखलेचं ग्रंथालय दाखवून आणाच. गाडगिळांच्या काळात या संस्थेने वाई तालुक्यातल्या शेतीची, पुणे शहरातल्या कुटुंबांची दारोदार जाऊन पाहणी केली होती. त्या वेळी असं काम देशात फार थोड्या ठिकाणी चाललं होतं. पुढे इथल्याच दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा जो अभ्यास मांडला त्यावर देशभर वाद झाला. उचल किती, फिटली किती, हे प्रश्न त्याच घराण्यातले आहेत.

ज्याचं कुणी नाव घेत नाही अशी एक संस्था सांगतो. देवनारलाच, टिसपासून थोड्या अंतरावर, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, १९५६ सालची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हीच संस्था करते. तिथे लोकसंख्याशास्त्रात एम.ए. करता येतं. स्थलांतर हा तिथल्या मुख्य विषयांपैकी एक आहे, आणि ऊसतोड म्हणजे हंगामी स्थलांतर नाहीतर दुसरं काय? पण आकडेमोड आवडली पाहिजे.

सदाशिवपेठी

आकडेवाल्यांना प्रत्येक माणसात एक तक्ता दिसतो. बालाघाटी, तुम्ही पोरीला पुणे विद्यापीठात घाला.

कारण एक, फी. सरकारी विद्यापीठाच्या विभागातली फी आणि अभिमत विद्यापीठातली फी यांची तुलनाच नको. कारण दोन, भाषा. मी राज्यशास्त्राला होतो. वर्गात अर्धी मुलं नांदेड, परभणी, सोलापूर, नंदुरबारची. तास इंग्रजीत सुरू व्हायचा, चर्चा मराठीत शिरायची, उत्तरपत्रिका मराठीत लिहिणारे आम्ही बरेच होतो. सुहास पळशीकरांसारखी मंडळी तिथे शिकवून गेली आहेत. निवडणुकांची सर्वेक्षणं म्हणजे काय, प्रश्नावली कशी बनते, हे विद्यार्थ्यांनी गावात फिरून शिकायचं. भर पावसात प्रश्नावल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मीही फिरलो आहे.

कारण तीन, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र, १९८७ पासूनचं. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे तिथे होत्या, २०१३ साली वारल्या. गावाकडून आलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलींना वर्गात आवाज कसा मिळेल यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुष्य घातलं. मराठीत वाचनसाहित्य तयार केलं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण गाजलं, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, हे आठवत असेल. तसला प्रश्न घेऊन कुणी मुलगी आली तर तिचं काय करायचं हे त्या केंद्राला कळतं.

कारण चार, जयकर ग्रंथालय. पाच, रिफेक्टरीचं, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीचं जेवण (हे कारण मागे घेतो).

वऱ्हाडी_ठेचा

काय हो, मराठवाड्यातल्या पोरीला मराठवाड्याचं विद्यापीठ सोडून सगळं सुचवून राहिले तुम्ही! छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ १९५८ चं आहे. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी लोकांची घरं जळली आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तिथल्या समाजशास्त्राच्या वर्गात जात हा विषय पुस्तकातून शिकवावा लागत नाही. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे, तिथेही सामाजिक शास्त्रांचं संकुल आहे. अहमदपूर त्याच विद्यापीठात येतं ना? पुण्याला गेल्यावरच विद्वान होते काय माणूस?

सदाशिवपेठी

होत नाही, मीच पुरावा. पण ठेचेबुवा, पोरगी "इथं नाही" म्हणाली आहे. मुलींच्या बाबतीत या दोन शब्दांत पुष्कळ काही असतं. लातूरला राहिली तर दर शनिवारी घरी आणि दर रविवारी स्थळ.

बालाघाटी

सदाशिवपेठी, नेमकं ओळखलंत. एक पाहुणे येऊन गेले.

तासिकाधारक

सगळ्यांचं वाचलं. मी थोडं कडू बोलणार आहे.

मी समाजशास्त्रात एम.ए., सेट, नेट (या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा), पीएच.डी. आहे. एका तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. तास झाला तर मानधन, सुट्टी लागली तर शून्य, आणि जे मिळायचं तेही वेळेवर नाही. कायम जागा निघते तेव्हा मुलाखतीआधी "तुमची तयारी किती?" असं विचारतात, आणि ती तयारी अभ्यासाची नसते. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही, शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माझ्या वर्गातून दरवर्षी दोन-तीन हुशार मुली "सर, एम.ए. करू का?" म्हणून विचारतात, आणि मला त्यांच्या डोळ्याला डोळा देता येत नाही.

तेव्हा भाचीला प्राध्यापक व्हायचं असेल तर आधी घरी बसून हिशेब करा. एम.ए. दोन वर्षं. मग नेट किंवा सेट. सेटचा पेपर निदान मराठीतही असतो, नेटचा इंग्रजी-हिंदीतच. नेटमध्ये जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, तेवढी वर्षं सुखाची. २०२४ पासून पीएच.डी.च्या प्रवेशालाही नेटचे गुण धरायला लागले आहेत. म्हणजे पुन्हा इंग्रजी-हिंदी. मराठीत एम.ए. सुखाने होतं, आणि पुढच्या प्रत्येक दारावर दुसरी भाषा उभी असते. पुण्यात मराठीत उत्तरपत्रिका लिहिता येते हे सदाशिवपेठींनी गुण म्हणून सांगितलं. मी त्याला सापळा म्हणेन.

सदाशिवपेठी

सापळा? मराठीत विचार करायला शिकलो म्हणून मी पुढे इंग्रजी वाचू शकलो. ज्या मुलाला पहिल्याच दिवशी इंग्रजीत बोल म्हणून उभं केलं, तो दोन वर्षं तोंड उघडत नाही. नुसता मठ्ठ चेहरा करून टिपणं उतरवतो. असे पाहिलेत.

तासिकाधारक

आणि मराठीतच राहिलेले मी पाहिलेत. बाजारातल्या गाइडवर एम.ए. झालेले. मूळ लेख एक वाचलेला नसतो, कारण तो मराठीत नसतो आणि इंग्रजीत वाचायची सवय कुणी लावलेली नसते. दोष मुलांचा नाही.

देवनारवाली

दोघंही खरं बोलताय. माझ्या वेळी टिसमध्ये मराठी माध्यमाच्या मुलांचा एक गट संध्याकाळी बसायचा. नेमून दिलेला लेख एकाने वाचायचा, बाकीच्यांना मराठीत समजावायचा, मग सगळ्यांनी मिळून इंग्रजीत अर्धं पान लिहायचं. पहिल्या सत्रात रडारड, तिसऱ्या सत्रात यातलेच दोघं वर्गात सगळ्यांत जास्त बोलायचे. बालाघाटी, भाचीला आत्तापासून रोज एक-दोन पानं इंग्रजी वाचायला सांगा. कादंबरी नको, वर्तमानपत्राचं संपादकीय पान चालेल. आणि मराठीत समाज प्रबोधन पत्रिकेचे जुने अंक मिळतील तिथून मिळवा. आधी मराठीत कळलेला विषय इंग्रजीत निम्मा सोपा जातो.

तिरपागडा

"इंग्रजीत बोल" वरून आठवलं. आमच्या एम.ए.च्या वर्गात एका मुलाला सरांनी विचारलं, "व्हॉट इज पॉवर?" तो म्हणाला, "सर, गावाकडे आठ तास असते, तीपण रात्रीची." सरांनी पूर्ण गुण दिले असं आम्ही सांगतो. खरं म्हणजे बाहेर काढलं होतं.

जुनीखोड

😀 तिरपागडा, सरांनी पूर्ण गुण द्यायला हवे होते.

मी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकले. मुंबईचा समाजशास्त्र विभाग १९१९ चा, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. सुरुवात केली पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश माणसाने, जो शहरांच्या नियोजनासाठी हिंडत असे. मग समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये आले. एम. एन. श्रीनिवास त्यांचे विद्यार्थी, ए. आर. देसाई त्यांचे, आणि आपल्या इरावतीबाई कर्वे यांनीही त्यांच्याच हाताखाली १९२८ मध्ये एम.ए. केलं. त्या पुढे बर्लिनला गेल्या, परत येऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या आणि मोजमापाची उपकरणं घेऊन खेडोपाडी फिरल्या. माझ्या वेळी देसाई विभागात होते. खादी, चष्मा, हळू आवाज, आणि संप चालू असेल तिथे जाऊन बघा असं विद्यार्थ्यांना सांगणं. माझे वडील रेल्वेत कारकून. त्यांनी विचारलं, समाजशास्त्र म्हणजे समाजवाद का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग ठीक.

आज त्या विभागाची शिक्षकसंख्या काय, जागा किती भरल्या आहेत, हे मला ठाऊक नाही. पूर्वपुण्याईवर प्रवेश घेऊ नये. माझं सांगणं एकच. कोणत्याही विभागात अर्ज करण्याआधी तिथल्या शिक्षकांची यादी काढा आणि त्यांनी गेल्या पाच-सात वर्षांत कशावर लिहिलं ते पाहा. शेतमजूर, स्थलांतर, स्त्रियांचं श्रम यांवर काम करणारं एकही माणूस नसेल तर ती इमारत कितीही जुनी असो, भाचीच्या कामाची नाही. एक असेल तरी पुरे.

कल्याणलोकल

जुनीखोडताई, हा सगळ्यांत उपयोगी सल्ला. मी यात भर घालते: शक्य झालं तर त्या शिक्षकांना साधा मेल टाका. मराठीत टाकला तरी चालतो. माझ्या धाकट्या बहिणीने टाकला होता, तिला दोन दिवसांत उत्तर आलं, "ये, विभागात बस, तास ऐक, मग ठरव."

नोकरीचं तासिकाधारकांनी सांगितलं ते प्राध्यापकीपुरतं खरं आहे. पण एम.ए. झालेले सगळे प्राध्यापक होत नाहीत. मी स्वतः एका स्वयंसेवी संस्थेत आहे, आरोग्यावर काम. आमच्याकडे समाजकार्य आणि समाजशास्त्रवाले येतात, पाहणी करणारे, प्रकल्प समन्वयक, अहवाल लिहिणारे. पगार बँकेएवढा नाही, आणि प्रकल्प संपला की नवा शोधा. पण गावात बसून बाईशी बोलता येणं आणि संध्याकाळी त्याचं नीट टिपण लिहिता येणं, या दोन गोष्टी एकत्र येणारी माणसं आम्हाला शोधूनही सापडत नाहीत. इंग्रजी फाडफाड बोलणारे ढीगभर मिळतात. त्यांना "उचल" म्हणजे काय हे आधी अर्धा तास समजावावं लागतं.

सांख्यिक

आणि त्या टिपणाबरोबर एक्सेल येत असेल तर पगार वाढतो. मी माझा हेका सोडणार नाही.

टोरांटोकर

इथून एक बाहेरचं मत. माझ्या विद्यापीठात दक्षिण आशियावर शिकवणारे लोक मराठी येणाऱ्या संशोधकांना अक्षरशः शोधत असतात. एम.ए. नीट झालं तर परदेशाचं दारही आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे (अनुसूचित जातींसाठी), बाकी प्रवर्गांसाठीही वेगवेगळ्या योजना आहेत. तिने आत्ता डोक्यात घेऊ नये, पण माहीत असावं.

तिरपागडा

अहमदपूर-तुळजापूर-टोरांटो. एसटीची थेट गाडी नाही, लातूरला बदलावी लागेल.

एमपीएससी_चौथावर्ग

मी सध्या पुण्यात अभ्यासिकेत बसून लिहितोय. घरच्यांचा एमपीएससीचा सल्ला अगदी मोडीत काढू नका. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, वैकल्पिक विषय आला. समाजशास्त्र, राज्यशास्त्र वैकल्पिक घेणाऱ्याला एम.ए.चा अभ्यास वाया जात नाही. पण फक्त एमपीएससीसाठी पुण्यात येणं, खोलीचं भाडं, मेस, अभ्यासिकेची फी, आणि जाहिरात कधी येईल याची वाट बघणं... माझ्या बाजूच्या टेबलावर बसलेला मुलगा केस पिकल्यावर गावी गेला. एम.ए.ला प्रवेश घेऊन सोबत तयारी करा. निदान हातात एक पदवी राहते आणि वसतिगृहाचा अर्ज करता येतो.

तासिकाधारक

हा सल्ला व्यवहारी आहे, पण त्यामुळेच एम.ए.चे वर्ग ओस पडतात. नावं पटावर, मुलं अभ्यासिकेत. विभागात शिकवायला कुणी नसतं अशी तक्रार विद्यार्थी करतात, आणि शिकायला कुणी नसतं अशी आमची.

एमपीएससी_चौथावर्ग

सर, तुम्हाला कायम जागा मिळाली असती तर मी वर्गात बसलो असतो. :(

तासिकाधारक

बरोबर आहे. त्यावर उत्तर नाही माझ्याकडे.

देवनारवाली

खर्चाचं अजून कुणी नीट सांगितलं नाही. बालाघाटी, भाची कोणत्या प्रवर्गातली हे विचारायला संकोच वाटतो, पण शिष्यवृत्तीचं सगळं गणित त्यावर आहे. टिसमध्ये भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांची फीसवलत काढली म्हणून २०१८ च्या फेब्रुवारीत चारही परिसरांत विद्यार्थ्यांनी संप केला होता. तेव्हा प्रवेशाच्या आधी लेखी विचारून घ्या: फी आधी भरायची आणि शिष्यवृत्ती नंतर मिळणार, की शिष्यवृत्ती येईपर्यंत थांबणार? घरात उचल घ्यायची वेळ येऊ नये. वसतिगृह आणि मेसचा खर्च फीपेक्षा वेगळा धरा. फीपेक्षा लोक तिथेच जास्त अडकतात.

सदाशिवपेठी

पुणे विद्यापीठात "कमवा व शिका" योजना आहे. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात रोज थोडे तास काम, त्याचे पैसे. श्रीमंत होत नाही कुणी, पण मेसचं बिल बरंचसं निघतं. विद्यापीठाचं वसतिगृह मात्र सगळ्यांना मिळत नाही, गुणवत्ता यादी लागते. पहिले काही महिने "पॅरासाइट" म्हणून मैत्रिणीच्या खोलीत राहणं ही जुनी परंपरा आहे. अधिकृतपणे मी हे सुचवत नाहीये.

अनुसूचित जातीची असेल आणि सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना बघा. पुण्या-मुंबईसारख्या शहरात राहण्या-जेवणासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे.

कल्याणलोकल

आणि कुणीतरी "मुलींना आता सगळं शिक्षण मोफत आहे" म्हणून सांगेल, त्यावर विसंबू नका. २०२४ चा तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साधं एम.ए. त्यात धरू नका.

बालाघाटी

सगळ्यांचे आभार. हा धागा भाचीला पाठवला, तिने रात्री बसून सगळा वाचला. तिचा निरोप जसाच्या तसा:

"मामा, जुनीखोड आजींनी सांगितलं तसं तुळजापूर आणि पुण्याच्या शिक्षकांच्या याद्या काढल्या. दोन्हीकडे माझ्या विषयाजवळची माणसं आहेत. सीयूईटीचा फॉर्म भरते, हिंदीत देते, आणि पुणे विद्यापीठाची प्रवेश परीक्षापण देते. संभाजीनगरचा फॉर्मही भरते, त्या ठेचा काकांना सांगा. तासिकाधारक सरांना सांगा की मला प्राध्यापक व्हायचंय की नाही हे मला अजून माहीत नाही. मला आधी हे कळायला हवंय की उचल दरवर्षी फिटत का नाही."

दाजींना तुळजापूर चालेल असं दिसतंय, देवीचं गाव म्हणून. पुण्याचं नाव काढलं की गप्प होतात. प्रवर्गाचं विचारलंत त्यात संकोच काही नाही, आम्ही एनटी-डी, म्हणजे भटक्या जमाती (ड). जात प्रमाणपत्र आहे, पडताळणी झाली आहे, नॉन-क्रिमिलेयर आहे. एवढं पुरेल ना?

वऱ्हाडी_ठेचा

पोरगी गुणाची आहे. ठेचा काका खूश.

जुनीखोड

तिला सांगा, त्या मुलाखतींची वही कपाटातून काढून सोबत ठेव. मुलाखतीला गेली तर तिच्यावरच बोलायचं. "मला समाजसेवेची आवड आहे" हे वाक्य तिथे दिवसभर ऐकून पॅनेलचे कान किटलेले असतात.

देवनारवाली

बालाघाटी, पुरणार नाही. हे नीट वाचा, दरवर्षी मुलं इथे अडकतात. एनटी-डी हा राज्याचा प्रवर्ग आहे. केंद्राच्या यादीत तुम्ही ओबीसी. सीयूईटीच्या फॉर्मवर एनटी-डी असा रकानाच नसतो, तिथे ओबीसी-एनसीएल (नॉन-क्रिमिलेयर) निवडायचं, आणि त्यासाठी केंद्र सरकारच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं. राज्याचं नॉन-क्रिमिलेयर तिथे चालत नाही. पुणे विद्यापीठाला मात्र राज्याचंच लागेल. म्हणजे दोन्ही हवीत.

बालाघाटी

अरे बापरे. तहसीलला जावं लागेल का?

कल्याणलोकल

सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज करा, "केंद्रीय ओबीसी" असं स्पष्ट सांगून. नाहीतर ते सवयीने राज्याचंच काढून देतात. दाजींचे तीन वर्षांचे उत्पन्नाचे दाखले आधी काढा, त्यालाच वेळ लागतो. आणि हातातल्या प्रमाणपत्राची मुदत बघा, ३१ मार्चला संपणारं असेल तर प्रवेशाच्या वेळी नवं मागतात.

बालाघाटी

मुदत ३१ मार्चच आहे. सोमवारी जातो सेतूला.

तिरपागडा

सोमवारी सर्व्हर डाऊन असतो. मंगळवारी जा.